अवधूताचा चोविसावा गुरू

श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधातील यदुराजा आणि अवधूत यांचा संवाद आपल्या बहुतेक वाचकांना श्रवणाने तरी परिचित असेल. सातवा, आठवा आणि नववा अशा तीन अध्यायांत तो आलेला आहे. नाथमहाराजांनी शके १४९५ मध्ये, म्हणजे इ. स. १५७३ साली, काशीक्षेत्री पूर्ण केलेल्या आपल्या टीकेत तो इतक्या प्रेमाने विस्तारला आहे की, चातुर्मासात गावोगाव पोथी लागली म्हणजे श्रोते या तीन अध्यायांची वाट पाहत असतात. अवधूताने चोवीस गुरू केले, प्रत्येकापासून काय घेतले ते राजाला सांगितले, एवढाच कथाभाग. पण तो सांगताना कीर्तनकाराला मोठे मैदान मिळते आणि श्रोत्यालाही करमणूक होते, हे नाकारण्यात अर्थ नाही.

आता त्या चोविसांची नावे जरा मनात आणून पाहा. त्यांत ऋषी नाही, आचार्य नाही, मठाधिपती नाही. पृथ्वी, वारा, पाणी, चंद्र, सूर्य ही तर सगळ्यांच्याच दारात आहेत. पुढे कबुतर, दिव्यावर पडणारा पतंग, मध गोळा करणारी माशी, मासा, मांसाचा तुकडा तोंडात धरून पळणारा पक्षी, खेळणारे मूल, कांडण करणारी मुलगी, बाण करणारा कारागीर, साप, कोळी आणि शेवटी कुंभारीण माशी. हत्ती, अजगर, हरिण आणि समुद्र एवढे सोडले तर ही मंडळी आपल्याच आळीत राहतात. त्या मुलीच्या हातातल्या बांगड्या कांडताना वाजत होत्या, तो आवाज अवधूताच्या कानी पडला. तेव्हा तो कुणाच्या तरी ओट्याजवळच असला पाहिजे. माझी समजूत अशी की, या महापुरुषाने तपश्चर्या कुठेही केली असो, शिक्षण मात्र लोकांच्या ओट्यावर बसून घेतले.

मी चाळीस वर्षे हे आख्यान सांगत आलो आहे. आणि या चाळीस वर्षांत चोविसांपैकी एकाही गुरूच्या घरी मी गेलो नव्हतो. हा कबुलीजबाब आहे असे समजून पुढचे वाचावे.

माझे शिक्षण पाठशाळेतले, कृष्णाकाठचे. लघुकौमुदी झाली, तर्कसंग्रह झाला, काव्ये झाली. ऋतुसंहार लागले तेव्हा दुसऱ्या सर्गात, वर्षावर्णनात, ‘इन्द्रगोप’ हा शब्द आला. गुरुजींनी अर्थ सांगितला, तांबड्या रंगाचा कीटकविशेष. आम्ही वहीत लिहून घेतले, ‘कीटकविशेष’. संस्कृत शिकलेल्या माणसाला हा ‘विशेष’ शब्द फार सोयीचा पडतो. वृक्षविशेष, पक्षिविशेष, मत्स्यविशेष. त्याचा खरा अर्थ इतकाच की, आम्हाला ठाऊक नाही आणि तुम्हीही विचारू नका. पुढे मी स्वतः विद्यार्थ्यांना वीस वर्षे तोच अर्थ सांगितला. १९९७ सालच्या वारीत लोणंदच्या पुढे आमची दिंडी रस्त्याकडेला विसाव्याला थांबली होती. आदल्या रात्री पाऊस झालेला. दिंडीतल्या एका पोराने शेतातून काही तरी वेचून आणले आणि तळहात माझ्यापुढे धरला. मखमलीचा तुकडा कापून त्याला पाय लावावेत तसे लालभडक मृगाचे किडे. आमच्यात एक शाळामास्तर होते, ते हसून म्हणाले, “बुवा, हाच की तुमचा इंद्रगोप.”

वाचकहो, त्या क्षणी मला पाठशाळेची पायरी आठवली. मृगाचा पहिला पाऊस झाला की हेच किडे त्या पायरीशी फिरायचे. आम्ही ते काड्यापेटीत भरून ठेवायचो आणि आत जाऊन ‘कीटकविशेष’ घोकायचो! शब्द आत, वस्तू बाहेर, मध्ये एक उंबरठा; तो ओलांडायला मला पंचवीस वर्षे लागली. त्या किड्याला आठ पाय असतात आणि म्हणून तो कोळ्याच्या गोतातला, हेही मला त्या मास्तरांनीच मोजून दाखवले.

दुसरी गोष्ट तुळशीची. ती तर आणखी लाजिरवाणी. बाराव्या वर्षी गळ्यात माळ पडली. दारात वृंदावन, रोज पाणी, रोज प्रदक्षिणा, कीर्तनाआधी गळ्यात हार. आणि तुळशीची कोवळी काडी गोल नसते, चौकोनी असते, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळले. तेही डोळ्यांनी नव्हे. एकदा अंधारात मंजिरी खुडताना बोटांत काडी फिरवली तेव्हा चार कडा बोटांना लागल्या. खोटे वाटत असेल तर हा अंक खाली ठेवा आणि अंगणात जाऊन या. जून झालेली काडी घेऊ नका, शेंड्याजवळची घ्या. तेथेच पाने कशी येतात तेही पाहा. दोन पाने समोरासमोर, पूर्व-पश्चिम म्हणा. त्यांच्या वरची जोडी दक्षिण-उत्तर. त्यांच्या वरची पुन्हा पूर्व-पश्चिम. खालच्या पानावर वरच्याची सावली पडू नये अशी ही बैठक आहे. मंजिरीतली फुले वळ्यावळ्यांनी येतात, साधारण सहा-सहा एका वळ्यात. हे सगळे रोज हाताखालून जात होते.

पण मुख्य गोष्ट कुंभारणीची. तिच्यासाठीच हा लेख लिहायला बसलो.

अवधूताचा चोविसावा, म्हणजे शेवटचा, गुरू हा भिंतीवर मातीचे घर बांधणारी माशी. मूळ श्लोकात तिला ‘पेशस्कृत्’ म्हटले आहे. दृष्टान्त सर्वांना ठाऊक आहे. ती माशी एक अळी पकडून आणते, मातीच्या घरात कोंडते आणि बाहेरून गुणगुण करीत राहते. आतली अळी भीतीने म्हणा, प्रेमाने म्हणा, तिचेच ध्यान करते. आणि ध्यान करता करता त्याच देहाने स्वतः माशी होऊन बाहेर पडते. तसा जीव देवाचे ध्यान करून देव होतो. वेदान्तात याला कीटभ्रमरन्याय म्हणतात. मी हा दृष्टान्त रंगवून सांगत असे. तोंडाने गुणगुण काढायची, मृदंगवाल्याने हात थांबवायचा, पुढे बसलेली पोरे हसायची, मग एकदम आवाज चढवून ‘माशी झाली!’ म्हणायचे आणि टाळ सुरू. चाळीस वर्षांत हा दृष्टान्त एकदाही पडला नाही.

२०२२ सालच्या चातुर्मासात आमच्या गावी विठ्ठलमंदिरात पोथी लागली होती. आमचे गाव भीमेच्या काठचे, लहानसे. भाद्रपदात नववा अध्याय आला, कुंभारीण सांगून झाली, मंडळी खूष होऊन घरी गेली. वाटेत माझी नात म्हणाली, “आजोबा, आतली अळी बदलते ते कुणी पाहिलं?” ती तेव्हा सहावीत होती. मी म्हटले, “अगं, व्यासांनी पाहिलं, नाथांनी पाहिलं.” ती म्हणाली, “घर तर बंद असतं ना?” मी उत्तर दिले नाही. थकलो होतो.

पुढे चार-पाच दिवसांनी घट बसण्याआधीची साफसफाई निघाली. आमच्या माजघरात भिंतीत एक कोनाडा आहे, त्यात एकनाथी भागवताची पोथी असते. त्या कोनाड्याच्या वर दीड हातावर कुंभारणीचे घर होते. जळमटे काढताना सूनबाईच्या लांब झाडूचा धक्का लागून ते खाली पडले आणि फुटले. नातीने मला हाक मारली.

आत पाच कोठड्या होत्या, उसाची कांडकी एकाशेजारी एक ठेवावीत तशा, वरून मातीचा एकच गिलावा. एक कोठडी रिकामी, तिला बाहेर पडल्याचे भोक. एकीत कागदासारखी पातळ, तांबूस रंगाची पिशवी. दोहोंत बिनपायांची पांढरी अळी. आणि पाचवी ठासून भरलेली होती. कशाने? कोळ्यांनी. बारीक बारीक कोळी, पाय दुमडून एकावर एक रचलेले. नातीने खराट्याच्या काडीने मोजले, चौदा भरले. एकावर बारीक पांढरे अंडे चिकटलेले. काडी लागली की एखाद्याचा पाय हलकेच थरथरे. मेलेले नव्हते ते. जिवंत होते आणि त्यांना हलता येत नव्हते. पांढऱ्या अळीजवळ कोळ्यांची नुसती टरफले उरलेली, म्हणजे ती जेवत होती.

“आजोबा,” नात म्हणाली, “ही अळी बदलली नाही. ही तिचीच आहे.”

मी खाली बसलो. तेविसावा गुरू चोविसाव्या गुरूच्या कोठारात पडलेला होता, आणि दीड हात खाली पोथी.

दुसऱ्या दिवशी शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना घरी बोलावून विचारले. त्यांनी सांगितले ते थोडक्यात असे. ही माशी मादी असते. ओलसर जागेवरून चिखलाची गोळी आणते, घर करते, मग कोळी शोधते. नांगी मारून त्याला लुळा करते, मारीत नाही; कारण मेला तर तो सडेल आणि पिलाला ताजे अन्न मिळणार नाही. कोठडीत कोळी, त्यांतल्या एकावर अंडे, आणि कोठडी भरली की दार बंद. अंड्यातून अळी निघते, शिधा संपवते, स्वतःभोवती कोश विणते आणि माशी होऊन भिंत फोडून बाहेर येते. आई स्वतः मुख्यतः फुलांतल्या रसावर राहते. शिकार सगळी पिलासाठी. आणि दार लिंपून ती जी जाते ती जाते, मायलेकरांची गाठ पडत नाही. याच गोतातली दुसरी एक माशी संक्रांतीच्या सुगडासारखे, काठ वळवलेले बोटभर मडके करते. तिच्या मडक्यात कोळ्यांऐवजी हिरव्या अळ्या असतात आणि अंडे वरून बारीक तंतूने टांगलेले असते. पोथीतली ‘अळी’ बहुधा तिच्या घरातली. फ्रान्समध्ये फाब्र नावाचे एक शिक्षक होऊन गेले (१८२३–१९१५); त्यांनी उत्तरायुष्य आपल्या घरच्या माळरानात बसून असल्या माशा पाहण्यात घालवले आणि दहा खंड लिहिले, असेही बाई म्हणाल्या. मला वाटले, हा आमच्या अवधूताचाच कुणी गुरुबंधू.

बाई गेल्यावर मला झोप आली नाही. प्रश्न माशीचा नव्हता. चाळीस वर्षे ज्यावर टाळ्या घेतल्या ते चूक निघाले, आता व्यासपीठावर उभे राहून काय सांगायचे? गप्प बसणे सोपे होते. गावात कुणाला काय ठाऊक! आठ दिवस मी गप्प बसलोही. मग भाद्रपद वद्य एकादशीला माझे कीर्तन होते. पूर्वरंग झाला आणि मी मृदंगवाल्याला हात थांबवायला सांगून पाहिले ते सर्व सांगितले, चौदा कोळ्यांसकट.

मंडळी स्तब्ध. आमच्या गावचे एक वयोवृद्ध माळकरी, माझ्या वडिलांच्या वयाचे, उठून उभे राहिले आणि म्हणाले, “बुवा, मग नाथमहाराज खोटं बोलले म्हणायचं का?” त्यांचा आवाज रागाचा नव्हता, दुखावल्याचा होता. मला उत्तर सुचेना. इतक्यात मागून, बायकांच्या बाजूने, एक म्हातारी बोलली. शेतमजुरी करून राहिलेली, अक्षरशत्रू, पण पंढरीची वारी न चुकवणारी. ती म्हणाली, “बुवा, त्यात काय हाय? आमाला ठावंच हुतं की. भिंती सारवताना किती येळा फुटली असतील घरं. कोळीच निघत्यात.”

मी विचारले, “आजी, मग इतक्या वर्षांत सांगितलं का नाहीत?”

“तुमी इचारलं कवा? आन् तुमी देवाचं सांगत हुता, त्यात कोळी कुठं आनायचा मधी.”

मंडपात हशा पिकला. मी मात्र हसू शकलो नाही. आमच्या आजीला, आईला, आळीतल्या प्रत्येक सारवणाऱ्या बाईला जे ठाऊक होते ते आमच्या पाठशाळेत कुणाला ठाऊक नव्हते. पुरुषांनी भिंतीला पाठ टेकून कुंभारणीवर निरूपण केले; भिंतीकडे तोंड करून काम बायकांनी केले. आणि कीर्तनात त्या मागे बसत.

त्या रात्री त्या वृद्ध माळकऱ्यांना जे सांगायला सुचले नाही ते पुढे विचार करून त्यांच्या घरी जाऊन सांगितले. तेच येथे थोडे सविस्तर मांडतो, कारण इतर कीर्तनकार बंधूंनाही हा प्रश्न आज ना उद्या कुणी विचारणारच.

न्यायसूत्रांत गौतमांनी दृष्टान्ताचे लक्षण केले आहे. त्याचा भाव असा की, ज्या गोष्टीविषयी साधा व्यवहारी माणूस आणि शास्त्राचा परीक्षक या दोघांची समजूत एक असते तो दृष्टान्त. दृष्टान्ताने सिद्धान्त जन्माला येत नाही; तो समजायला सोपा जातो, इतकेच. दोन्ही बाजूंना मान्य असलेल्या जमिनीवर उभे राहून मान्य नसलेल्याकडे बोट दाखवायचे, ही त्यातली युक्ती. आता कुंभारणीचे पाहा. परीक्षक म्हणतो, असे घडत नाही. आणि साधा माणूस? आम्ही समजत होतो की त्याला तरी ते मान्य आहे. म्हातारीने सांगितले की नाही. म्हणजे दृष्टान्ताच्या दोन्ही बाजू कधीच्याच ढासळल्या होत्या. मध्ये आम्ही तेवढे टाळ वाजवीत उभे होतो.

मग सिद्धान्ताचे काय? ध्यानाने तद्रूपता येते हे संतांनी स्वतःच्या अनुभवावर सांगितले. त्याचे ओझे माशीच्या पंखांवर त्यांनी ठेवलेले नाही. दोर साप वाटला हा दृष्टान्त आपण देतो. उद्या जगातले सगळे दोर संपले तरी भ्रम कसा होतो ते काही बदलणार नाही. मी त्या माळकऱ्यांना म्हटले, “अण्णा, नाथमहाराजांनी आपल्या काळी लोकांत जे मानले जात होते ते घेतले आणि त्यातून परमार्थ सांगितला. आपल्या काळी जे दिसते ते आपण घ्यायला नको का?” ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “तुमचं पटतंय, पण ती गुणगुण गेली याचं वाईट वाटतं.” मलाही वाटते. ते वाटणे खोटे आहे असे मी म्हणणार नाही.

एक गोष्ट मात्र पूर्वजांच्या बाजूने सांगितली पाहिजे. मूळ श्लोकात ‘कुड्य’ शब्दाचे रूप आले आहे. कुड्य म्हणजे भिंत. ज्याने हा दृष्टान्त प्रथम घडवला त्याने माशी अळी घेऊन भिंतीवर येताना पाहिली, दार बंद होताना पाहिले, गुणगुण ऐकली आणि काही दिवसांनी त्याच भिंतीतून माशी निघताना पाहिली. अळी गेली, माशी आली! चारही निरीक्षणे अगदी खरी आहेत. चूक फक्त मधल्या बंद कोठडीत झाली. तिथे दिसत नव्हते म्हणून तर्काने भरले. आणि गुणगुणही खरीच आहे, ती चिखल बसवताना पंखांच्या थरथरीने होते. तेव्हा पहिल्या माणसाने चारपैकी चार पाहिले. आम्ही त्याच्या मागून आलेल्यांनी काहीच पाहिले नाही आणि त्याचेच वाक्य फिरवत राहिलो. दोष कुणाचा मोठा, ते वाचकांनीच ठरवावे.

एवढे झाल्यावर मला चटकच लागली म्हणा ना. तेविसावा गुरू कोळी. भागवत म्हणते की, कोळी आतून तंतू काढतो, तोंडाने पसरतो, त्यावर खेळतो आणि पुन्हा गिळून टाकतो. तसा ईश्वर विश्व पसरतो आणि आवरतो. मनात आले, हेही तसेच निघाले तर? त्या वर्षी कोजागरीपासून काकडा सुरू झाला. पहाटे चार-साडेचारला मंदिरात जायचे. आमच्या परसात डाळिंबाचे झाड आणि न्हाणीची भिंत यांच्यामध्ये एका कोळ्याचे चाकासारखे गोल जाळे असे. दिवसा कधी दिसत नसे, म्हणून मी त्याला जुने, सोडून दिलेले जाळे समजत होतो. एके पहाटे बॅटरी घेऊन उभा राहिलो.

कोळी मधोमध बसला होता. पूर्वेला अजून काही नव्हते. मग तो हलला. कडेचे गोल धागे त्याने पुढच्या पायांनी ओढून गोळा करायला सुरुवात केली, आणि करता करता त्यांची मोहरीएवढी गोळी होऊन तोंडाशी गेली. चाकाचे आरे गेले. काही मिनिटांत सगळे जाळे नाहीसे झाले. झाडापासून भिंतीपर्यंत एकच आडवा तंतू उरला, त्यावरून तो चालत गेला आणि डाळिंबाच्या पानाखाली जाऊन बसला. माझा काकडा चुकला. पण अंगावर रोमांच आले ते खरे. भागवतातले गिळणे डोळ्यांदेखत झाले होते! त्याच रात्री तो पुन्हा नवे जाळे विणताना दिसला. बाईंनी नंतर सांगितले की, गिळलेल्या तंतूचाच रस होऊन त्याचाच नवा तंतू निघतो. मात्र तंतू तोंडातून निघत नाही, तो पोटाच्या मागच्या टोकातून निघतो, आणि मागच्या पायांनी तो ओढून बसवतो. हेही मी बॅटरीत पाहिले. म्हणजे भागवताचे आवरणे बरोबर, पसरण्याचे द्वार तेवढे वेगळे. आता मी कीर्तनात दोन्ही सांगतो. आणि गंमत अशी की, पोरे आता गुणगुणीपेक्षा याला जास्त कान देतात. काही तर पहाटे उठून पाहून येतात आणि मला चूक सांगतात.

यावर एक शंका येईल. वारकऱ्याला नामाशिवाय दुसरे व्यसन कशाला, किडामुंगी पाहत बसलो तर भजन कधी करायचे? शंका योग्य आहे. उत्तर एवढेच की, पाहण्याला वेगळा वेळ लागत नाही. वारीत पंधरा-वीस दिवस आपण पायी चालतो, रस्त्याच्या कडेने, शेतांच्या बांधावरून. मोटारीत बसलेल्याला जे दिसणार नाही ते आपल्या पायांखालून जाते. घार तोंडात काही घेऊन चालली आणि दोन कावळे तिच्या पाठीस लागले, हे रोज दिसते. तोच अठरावा गुरू कुरर, मांसाचा तुकडा टाकला की सुटला. देवळाच्या शिखरातल्या कबुतरांचा संसार दर्शनबारीत उभे असताना दिसतो. मुख हरिनामात असू द्यावे, डोळ्यांना तेव्हा काय काम असते?

एक-दोन गोष्टी अनुभवाने सांगतो. जागा एकच धरावी, बदलू नये. एक भिंत, एक झाड, विहिरीचा एक कोपरा. वेळही तीच. पहिल्या आठ दिवसांत काही दिसत नाही आणि माणूस कंटाळतो, कंटाळू द्यावे. दुसरे असे की, फोडून पाहू नये. आमचे घर धक्क्याने फुटले, त्या दोन पांढऱ्या अळ्या दुपारपर्यंत मुंग्यांनी नेल्या, ते पाप माझ्या घरी घडले. कुंभारीण निघून गेली की घर रिकामे मिळते, भोकावरून ओळखावे; त्यात टरफले असतातच, तेवढ्यावर वाचता येते. आणि तिसरे, विचारावे. झाडणारी, सारवणारी, गुरे राखणारी, विहीर उपसणारी माणसे अवधूताचे वर्गबंधू आहेत. मी पुढे त्या म्हातारीला मुद्दाम भेटून आणखी काय काय ठाऊक आहे ते विचारले. दोन तास ऐकत होतो. त्यातले निम्मे पोथीच्या विरुद्ध होते, काही पोथीहून सुंदर होते, आणि एक-दोन गोष्टी उघडच चूक होत्या, त्याही तिला सांगितल्या, तेव्हा ती म्हणाली, “मग बघूया की एक डाव.” तिचे हे उत्तर आमच्या कितीतरी शास्त्रार्थांपेक्षा मला शास्त्रीय वाटले.

काळाचा एक फेरा मात्र लक्षात ठेवावा. आता घरोघर सिमेंटच्या भिंती झाल्या. सारवण गेले, त्याबरोबर सारवणारीचे ज्ञानही चालले. आमच्या सूनबाईने कुंभारणीचे घर त्या दिवशी पहिल्यांदाच आतून पाहिले. म्हातारीच्या पिढीला जे फुकट ठाऊक होते ते पुढच्या पिढीला बाईंनी पुस्तकातून सांगावे लागणार. दृष्टान्त संपत नाहीत, दृष्ट संपते.

यंदा कुंभारणीने कोनाड्यावर घर बांधले नाही. ओसरीत विजेच्या मीटरच्या पेटीमागे बांधायला घेतले आहे. चिखल आमच्या तुळशीखालचा. सकाळी पाणी घातले की वृंदावनाच्या पायथ्याशी ओल राहते, तिथून ज्वारीच्या दाण्याएवढी गोळी घेऊन ती येते. काळी माशी, पायांवर पिवळे पट्टे, कंबर म्हणजे नुसता दोरा. नात आता मोठी झाली आहे, तिने वहीत रकाने आखले आहेत. चिखलाच्या खेपा एकीकडे, कोळ्यांच्या एकीकडे. म्हातारीही दुपारी येऊन ओसरीवर बसते; डोळ्यांनी तिला आता दिसत नाही, पण माशी आल्याचे तीच आधी सांगते. चिखल लिंपताना कुंभारीण गुणगुणते, हे तिघांनाही ऐकू आले आहे. कोळी आत कोंबताना गुणगुणते की नाही, यावर मात्र आमच्यात वाद आहे. मी म्हणतो नाही, म्हातारी म्हणते होय, नात म्हणते कधी होय, कधी नाही. पाचवी कोठडी कालच सुरू झाली. उद्या दशमी आहे, मला बाहेरगावी कीर्तनाला जायचे आहे, म्हणून सकाळीच पेटीला कान लावून बसायचे ठरले आहे.